दुसऱ्या ब्रेकवरचा पाय

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, दुसरा शिकवणाऱ्याच्या. क्लचही दोन. अ‍ॅक्सिलरेटर मात्र एकच, आणि तो शिकणाऱ्याकडे. म्हणजे गाडी पळवायचा अधिकार त्याचा एकट्याचा, थांबवायचा दोघांचा. मी सव्वीस वर्षे कुंभकोणमच्या रस्त्यांवर त्या दुसऱ्या ब्रेकशी बसले. यंदा गुडघे कुरकुर करू लागले म्हणून थांबले. लोक विचारतात, इतकी वर्षे काय पाहिलेस? रस्ता पाहिलाच, पण त्याहून जास्त मी आईबाप पाहिले.

माझे वडील शिंपी होते. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारात होते असे घरात सांगत, पण वडिलांच्या वाट्याला त्यातली फक्त भाषा आली. घरात आमचे जुने मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याची पाहुणी मंडळी आमचे बोलणे ऐकून हसतात, त्याचे मला काही वाटत नाही. या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा मात्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिले आहे. गाडीतली बोलणी सगळी तमिळमधली आहेत, ती मी मराठीत करून सांगते.

घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. प्रवेशाच्या दिवशी अप्पा माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले आणि थांबले.

"आत चला ना, अप्पा."

"मला तेथे काय कळते? तूच जाऊन ये जा. मी येथे उभा आहे."

मी चुकीच्या रांगेत तासभर उभी राहिले. अर्ज चुकीचा भरला. कारकुनाने तो परत फेकला, म्हणून दुसरा भरला. दुपारी तीनला पावती घेऊन बाहेर आले तेव्हा अप्पा त्याच जागी उभे होते, उपाशी. "झाले?" "झाले." मग त्यांनी मला नन्नारीचे सरबत पाजले आणि स्वतः नुसते पाणी प्यायले. त्या दिवशी मला मनातून राग आला होता. बाकीच्या मुलींचे वडील आत येऊन सगळे करून देत होते. माझे वडील बाहेर राहिले, हे माझे केवढे भाग्य होते ते कळायला मला बरीच वर्षे आणि बरीच पोरे लागली.

इतिहासाची पदवी मिळाली, नोकरी मिळाली नाही. गावातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला अर्ज भरायला ठेवले. आम्ही त्यांना मुदलाळी म्हणत असू, म्हणजे मालक. मुलींच्या आया येऊन विचारायच्या, "शिकवायला बाई नाही का?" एक दिवस मुदलाळींनी किल्ली माझ्यापुढे टाकली. "बी.ए. झालीस ना? मग हेही होशील." त्यांनी स्वतः मला शिकवले, एक पैसा घेतला नाही. ते आज नाहीत. या लेखात काही चांगले असेल तर ते त्यांचे.

सुरुवातीच्या वर्षांत शिकायला येणारी माणसे एकटी येत. पुढे पुढे अठरा-वीस वर्षांच्या पोरांबरोबर घर येऊ लागले. एका मुलाला मी नाव विचारले की वडील उत्तर द्यायचे. मुलगा वडिलांकडे बघायचा, बरोबर सांगितले का म्हणून. एका आईने फार अजिजीने विचारले, "टीचर, पहिले चार दिवस गाडी न हलवता शिकवता येईल का?" एक गृहस्थ रोज लिंबू आणून चाकाखाली ठेवायचे, मुलगी गाडी सुरू करून ते चिरडायची, आणि वीस दिवस आमची गाडी लोणच्याच्या बरणीसारखी वास मारायची. अलीकडच्या आया घरी बसूनच फोनच्या नकाशावर गाडीचा ठिपका बघतात. महामहम तळ्याच्या कोपऱ्यावर सिग्नलला थांबलो की पोराचा फोन वाजतो: "का थांबलात? काय झालं?"

मी हसायचे. पण या सगळ्यांत मी काय करत होते ते सांगते, म्हणजे हसण्याचा हक्क मला होता की नाही ते तुम्हीच ठरवा.

दुसरा ब्रेक ही फसवी गोष्ट आहे. मी माझा ब्रेक दाबला की शिकणाऱ्याचाही खाली जातो. पण त्याचा पाय त्या वेळी बहुधा अ‍ॅक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे त्याला पत्ता लागत नाही. गाडी हळू होते एवढेच कळते. चांगल्या शिक्षकाने तो ब्रेक संकटातच दाबावा आणि दाबल्यावर तोंडाने सांगावे: "मी लावला." पण मागच्या सीटवर आई बसलेली असली, तिने "अय्यो!" म्हणायच्या आत गाडी मऊपणे थांबावी असे वाटले की पाय आपोआप जातो. सांगणे राहून जाते. आई खूश, मूल खूश, आणि "या टीचरकडे एकदाही धक्का बसला नाही" अशी कीर्ती गावभर. त्या कीर्तीचा मला अभिमान होता.

प्रवीण असाच शिकला. एकोणीस वर्षांचा, एकुलता एक, भांड्यांच्या दुकानदाराचा मुलगा. वडिलांनी हात जोडून सांगितले होते, "याला ओरखडासुद्धा उठता कामा नये." मी उठू दिला नाही. तो पास झाला. बारा दिवसांनी वडिलांची नवी गाडी घेऊन पहिल्यांदा एकटा तिरुभुवनमला गेला, मावशीच्या लग्नाची साडी आणायला.

तिरुभुवनम हे रेशमी साड्या विणणाऱ्यांचे गाव. तिथे सकाळी ऊन चढायच्या आत विणकर गल्लीत रेशमाचा ताणा पसरतात. दोन टोकांना लाकडी घोड्या, मधे सात-आठ घरांच्या लांबीचे धागे, आणि दोन्ही बाजूंनी घरची माणसे तुटलेला धागा शोधून जोडत उभी असतात. प्रवीण गल्लीत वळला. समोर ताणा दिसला. त्याने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट बघत बसला.

माणसे बाजूला पळाली, कोणाला लागले नाही. गाडीने घोडी पाडली, रेशीम ओढत नेले आणि एका ओट्याला टेकून थांबली. वडिलांनी आधी आमच्या स्कूलमध्ये फोन केला, म्हणून मी पोचले. एक म्हातारा विणकर तुटलेल्या धाग्यांचा गुंता हातात घेऊन बसला होता. लोक प्रवीणला बोलत होते. तो रडत नव्हता. अगदी मनापासून गोंधळलेल्या चेहऱ्याने त्याने मला सांगितले, "टीचर, आपल्या गाडीला ब्रेक आपोआप लागतो. या गाडीला लागला नाही."

लोक हसले. वडिलांनी कपाळावर हात मारला. त्या गल्लीत त्याचे बोलणे खरे आहे हे एकट्या मला ठाऊक होते.

त्या विणकराची भरपाई झाली. प्रवीणची झाली नाही. वडिलांनी दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हर ठेवला, आणि प्रवीणने पुन्हा कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आज तो तीस वर्षांचा आहे, दुकान बघतो. रस्त्यात दिसला की मागच्या काचेतून हात हलवतो. मीही हलवते.

मी मुदलाळींना सगळे सांगितले. वाटले, कामावरून काढतील. ते पान चघळत म्हणाले, "पाय खाली असला की तो जाणारच. खाली ठेवूच नकोस."

"मग कुठे ठेवू?"

"मला काय विचारतेस? पाय तुझे आहेत."

तेव्हापासून माझी रीत ठरली. शेवटच्या सात दिवसांत मोकळ्या रस्त्यावर आलो की मी सीट मागे सरकवायचे, पट्टा बांधायचे, चपला काढायचे आणि सीटवर मांडी घालून बसायचे. उजवा हात हँडब्रेकजवळ असायचा, तेवढी लबाडी ठेवली होती. पण पाय शिकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, वर. गावात लोक चेष्टा करत: "ही बघा, पंगतीला बसली!" बसू दे. माझी पोरे त्या पंगतीतून गाडी शिकून उठत.

आता मीनाची गोष्ट. ती चार वर्षांपूर्वीची.

मीना चोवीस वर्षांची, गुराढोरांची डॉक्टर, नुकतीच पास झालेली. तिरुप्पनंदाळच्या पलीकडच्या गावांत फिरून जनावरे तपासायची नोकरी एका दूध कंपनीने तिला दिली होती. कंपनी गाडी देणार, पण गाडी स्वतः चालवायची. अट अशी की रुजू होताना चारचाकीचा परवाना हातात हवा. त्याआधी परीक्षेची एकच तारीख मिळत होती. नापास झाली तर जागा यादीतल्या पुढच्याला.

तिच्याबरोबर तिची आई आली. राजम मामी; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे मामीच म्हणतात. हातात पाण्याची बाटली, डबा, छत्री, आणि मीनाच्या कागदांची फाइल. "मी मागे बसेन, टीचर. माझं काही नाही. मी अगदी गप्प बसेन."

आमच्या फाटकाबाहेर गाडी पडेपर्यंत त्या गप्प होत्या.

"मीना, डावीकडे सायकल! मीना, माणूस! अगं, तो माणूस!"

"अम्मा, तो उभा आहे."

"आत्ता उभा आहे. निघाला तर?"

मीना हुशार होती. क्लच दोन दिवसांत जमला. पण तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आले की ही रस्त्याकडे बघतच नाही. ही ऐकते. मागून "हळू!" आले की हळू, "आता जा!" आले की जा. मागून काही आले नाही की गोंधळून माझ्याकडे बघते. आमच्या गाडीत दोन ब्रेक असतात असे मी वर लिहिले. त्या गाडीत तीन होते.

एकदा मामी पाणी भरायला उतरल्या तेव्हा मी मीनाला विचारले, "खांद्यापर्यंत हात घालून गाईच्या पोटातून वासरू काढतेस म्हणे. ते कसं जमतं?"

ती हसली. "अक्का, गोठ्यात अम्मा येत नाही. तिला वास सहन होत नाही."

कॉलेजची पाच वर्षे मामींनी कॉलेजच्या गावात खोली घेऊन मुलीसाठी स्वयंपाक केला होता. नवरा इकडे खानावळीत जेवत होता. पहाटे चारला उठवणे, वेणी घालणे, बसमध्ये बसवून देणे, सगळे. मी एकदा हळूच म्हटले, मामी, एक दिवस घरी थांबून बघा. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "टीचर, माझं शिक्षण आठवीपर्यंत. मला हिच्या पुस्तकातलं काही कळत नाही. जे कळतं ते मी करते. ते करून ती डॉक्टर झाली ना? मग यात चुकलं काय?"

मला फाटकाबाहेर उपाशी उभे राहिलेले अप्पा आठवले. तेवढेच प्रेम, तेवढेच अज्ञान. फरक फाटकाचा.

परीक्षेला तीन दिवस उरले होते. मामींचा तिरुनीलक्कुडीच्या देवळाला नवस होता. तिथे शंकराच्या पिंडीवर तेलाचा अभिषेक करतात. गाडी देवळापाशी थांबवायला लावून त्या तेलाची बाटली घेऊन उतरल्या. "अर्धा तास लागेल. दोघी इथेच बसा. इंजिन बंद ठेवा."

त्या आत गेल्या. मी मीनाकडे बघितले. चोवीस वर्षांची डॉक्टर. हिला कुठे जायचे असेल तर मी परवानगी कोणाची घ्यायची?

"जायचं?" मी विचारले.

तिने देवळाच्या दाराकडे बघितले. माझ्याकडे बघितले. "जाऊ."

मामी मागे असताना हे एकदाही जमले नव्हते; आता मी चपला काढल्या, मांडी घातली. भाताच्या शेतांमधला सरळ रस्ता. पहिला मैल तिचे खांदे कानांपर्यंत चढलेले होते. मग हळूहळू उतरले. ती आरशात बघू लागली, जिथे इतके दिवस फक्त आईचा चेहरा असायचा. तिथे रस्ता होता.

आणि वळणावर बदके आली. आमच्याकडे कापणीनंतर बदकवाले शेकडो बदके या शेतातून त्या शेतात नेतात. रस्ता पांढरा-करडा होऊन हलायला लागतो.

"अक्का, ब्रेक!"

"कोणाला सांगतेस?"

तिने माझ्या पायांकडे एक नजर टाकली. मग दाबला. सगळा जीव पायात घालून दाबला. माझा हात हँडब्रेकपर्यंत पोचायच्या आत गाडी उडी मारून थांबली, इंजिन बंद पडले, मी पट्ट्यात अडकले. पहिले बदक बंपरपासून हातभर अंतरावर होते. ते थांबलेसुद्धा नाही. तोऱ्यात पुढे गेले.

बदकवाला खिडकीशी आला. "काय बाई, एखादं चाकाखाली गेलं असतं तर आज तुम्हाला कालवण मिळालं असतं."

मीनाचे डोळे बदकांवर होते. "अण्णा, ते मागचं लंगडतंय ना? डाव्या पायाचा सांधा सुजलाय. त्याला वेगळं ठेवा, नाहीतर बाकीच्यांनाही होईल." आणि औषधाचे नाव सांगितले.

त्याने टोपली खाली ठेवली. "तुम्ही डॉक्टर का?"

"हो," ती म्हणाली. मागे बस हॉर्न वाजवत होती. तिने बसला हाताने थांबायची खूण केली, शेवटचे लंगडे बदक शेतात उतरेपर्यंत वाट बघितली, मग गाडी सुरू करून पहिल्याच झटक्यात उचलली.

देवळापाशी परत आलो तेव्हा मामी उन्हात उभ्या होत्या. हात तेलाचे, पदराच्या टोकात प्रसाद, चेहरा पांढरा. गाडी नाही, मुलगी नाही, अशी त्यांनी किती मिनिटे काढली होती कोण जाणे. ते मात्र मी चुकले. दाराशी निरोप ठेवायला हवा होता.

"कुठे गेला होतात?"

"अम्मा, मी चार मैल चालवली! आणि अक्कांनी पाय वर घेतले होते."

"पाय वर? म्हणजे गाडीत ब्रेक लावायला कोणीच नव्हतं?"

"मी होते ना, अम्मा."

मामी मागे बसल्या. घर येईपर्यंत सायकल आली, माणूस आला, बैलगाडी आली, मागून काही आले नाही. उतरताना फाइल छातीशी धरून म्हणाल्या, "टीचर, उद्यापासून मीना येणार नाही."

दोन दिवस गाडीत तिची जागा रिकामी राहिली. मीनाचे सगळे कागद त्या फाइलमध्ये होते. ते नसतील तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर नोकरी नाही. बदकांपुढे ब्रेक लावणाऱ्या पोरीची नोकरी मी घालवली, असे मला वाटत राहिले. मुदलाळी असते तर पान चघळत म्हणाले असते, फोन करू नकोस. मी केला नाही, पण फोन हातात घेऊन दहादा ठेवला.

परीक्षेच्या दिवशी मी बाकीच्या पोरांना घेऊन मैदानावर गेले. सकाळची टाउन बस आली. पुढच्या दाराने मीना उतरली. फाइल तिच्या हातात होती. तिच्यामागून रिकाम्या हातांनी मामी उतरल्या. बाटली नाही, डबा नाही, छत्रीसुद्धा नाही.

मीना रांगेत गेली. मामी माझ्याजवळ आल्या. "काल रात्री जेवताना तिने फाइल मागितली," त्या म्हणाल्या. "चोवीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, टीचर. मागायच्या आत मीच द्यायची. काल पहिल्यांदा तिने हात पुढे केला. आता नाही कसं म्हणू?"

ती पास झाली, हे सांगून टाकते. आज तिला त्या भागातली माणसे रस्त्यात हात करून थांबवतात आणि गोठ्यात नेतात. मामी महिन्यातून एकदा तिच्याकडे जातात, बसने, आणि गोठ्याच्या बाहेर नाकाला पदर लावून उभ्या राहतात.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. परीक्षेत माझ्या जागी निरीक्षक बसतात. शिक्षकाने बाहेर थांबायचे. इंग्रजी एच अक्षरासारख्या खांबांच्या गल्लीतून गाडी पुढे न्यायची आणि उलटी आणायची. खांबाला लागली की संपले. मी आणि मामी कुंपणाबाहेरच्या दगडी बाकावर बसलो. मीनाने गाडी पुढे नेली, बरोबर नेली. मग मागे घेऊ लागली. मागचा बंपर डाव्या खांबाकडे सरकू लागला. आणखी सरकला. मला वाटले, आता. आता लाव.

"टीचर," मामी हलकेच म्हणाल्या, "तुमचा पाय बघा."

मी खाली बघितले. माझ्या उजव्या चपलेने वाळूत वीतभर खड्डा केला होता. टाच अजून दाबलेलीच होती.

मामींच्या चपला बाकाखाली नीट जोडून ठेवलेल्या होत्या. त्या बाकावर मांडी घालून, दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसल्या होत्या.

"वर घ्या," त्या म्हणाल्या.

मी चपला काढल्या आणि पाय वर घेतले. खांबाच्या अलीकडे गाडीचे मागचे लाल दिवे लागले.